सात वाजता तव्यापाशी

अनगोळ, बेळगाव
श्रावणातला सोमवार

चि. पोरा, आशीर्वाद.

तुझा मेसेज तीनदा वाचला. मोबाइलवर एवढं टाइप करणं माझ्या बोटांना जमत नाही, म्हणून वहीत लिहून नातीकडून फोटो पाठवतोय. ती नुसता फोटो काढते, वाचत नाही, असं ती म्हणते. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

तू दोन गोष्टी विचारल्यास. आई म्हणते माळ घाल, तर घालू का? आणि देवावर विश्वासच बसत नसेल तर सुटलेली दारू सुटलेलीच राहील का? पहिलीचं उत्तर एवढंच की आत्ता घालू नकोस. दुसरीचं सांगायला मला चुलीपर्यंत जावं लागेल, तेव्हा जरा दम धर.

माळेला मी नावं ठेवत नाही. खानापूरकडच्या कुठल्याही गावात पारायणाला जा, वीणा धरून उभा असलेला एखादा तरी पूर्वी गटारात सापडायचा असं लोक सांगतील, आणि ते खरं असतं. दारू बंद, मटण बंद, एकादशी, वारी, आणि वर सगळं गाव बघत असतं. ज्याला त्या बघण्याचा आधार वाटतो त्याला माळ तारते. मला नाही तारलं. २००४ साली सप्ताहात मी माळ घातली ती आईसाठी, आणि तुझी काकी माहेराहून परत यावी म्हणून. काकी आली. चार महिन्यांनी पगाराच्या दिवशी मी दुकानाच्या दाराशी उभा राहिलो, माळ काढली, शर्टाच्या खिशात घातली आणि आत गेलो. आधी दारूची लाज होती, आता तिच्यावर माळेची लाज बसली. विठोबाच्या देवळासमोरनं जायचं सोडून मी लांबच्या बोळानं जायला लागलो. म्हणजे दारू राहिलीच, देऊळ मात्र गेलं.

ती माळ आज आमच्या देव्हाऱ्यात पांडुरंगाच्या तसबिरीला घातलेली आहे. ‘ज्याची त्याला दिली,’ असं काकी म्हणते. तुझे आत्ता पंचेचाळीस दिवस झालेत. माळ कुठं पळून जात नाही.

दुसरं, उपास. तू श्रावणी सोमवार धरलायस हे आईनं फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं. सोड तो. आईला माझं नाव सांग, शिव्या मला पडू देत. पहिल्या वर्षात भूक आणि दारूची ओढ दोघी एकाच आवाजात हाक मारतात. पोटात कालवतं, हात थरथरतात, डोकं तापतं, आणि इतकी वर्षं त्या सगळ्यावर एकच औषध दिलेलं असल्यामुळं शरीर तेच मागतं. दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये आम्ही चार वैरी मोजतो: भूक, राग, एकटेपणा, थकवा. त्यातली भूक सगळ्यात स्वस्तात मरते. खिशात शेंगा आणि गुळाचा खडा ठेव. गोड खावंसं वाटेल, साखरेचा आजार नसेल तर खा. पहिल्या सहा महिन्यांत मी इतका कुंदा खाल्ला की मिठाईवाला मला लांबनं बघूनच कागद काढायचा.

शिवाय श्रावणाशी आपल्या लोकांचं नातंच वाकडं आहे. गटारीला पोटभर पिऊन घ्यायचं, महिनाभर पाळायचं, आणि ‘बघ, राहिलो की नाही’ म्हणून गणपतीत दुपटीनं सुरू. मी असे अकरा श्रावण पाळले. दरवर्षी श्रावण मला सर्टिफिकेट द्यायचा की हा गडी व्यसनी नव्हे.

बाहेरून दार बंद झालं की माणूस सुधारतो, असंही आम्हाला एकदा वाटलं होतं. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायी, म्हणजे देशी दारू, बंद झाली. मी पाकिटातली सारायी पिणारा. आमच्या गल्लीतल्या बायकांनी नारळ फोडले. पाकीट गेलं, बाटली आली, आणि ती पाकिटापेक्षा महाग पडली. बाटलीही कुणी बंद केली असती तर चोर्ला घाट उतरला की गोवा होताच.

आता चूल.

माझी सुटली २००८ च्या पावसाळ्यात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत होतो, साडेपाचला सुट्टी व्हायची, आणि सातला पाय आपोआप वळायचे. दवाखान्यातनं घरी आलो तेव्हा सात ते नऊ या दोन तासांचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. टीव्ही पुरत नाही. फिरायला जावं तर कोपऱ्याकोपऱ्यावर तेच. घरात बसावं तर सगळे आपल्याकडं बघतायत असं वाटतं, आणि बघत असतातच. त्या वेळेला आमच्या घरात खरं काम एकच चालू असायचं, ते काकी करत होती. एका संध्याकाळी मी आत गेलो आणि म्हटलं, ‘सरक, मी थापतो.’ तिनं आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. मग सरकली.

भाकरी तू कधी केली नसशील, म्हणून सविस्तर सांगतो. जोंधळ्याचं पीठ परातीत घे, मधे आळं कर, त्यात कडकडीत पाणी ओत आणि उलथन्यानं हलव. हाताला सोसेल एवढं निवलं की तळव्याच्या टाचेनं मळ. खरं काम इथं आहे. पीठ आधी फुटत राहतं, चिडवतं, आणि मग एका क्षणी तळव्याखाली लोण्यासारखं सरकायला लागतं. तोवर थांबायचं नाही. मग गोळा, कोरडं पीठ, थापणं. भाकरी हातानं फिरत नाही, थापेनं फिरते. कड जाड राहिली तर तिथंच चिरते. तव्यावर टाकलीस की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरव, पाणी सुकायच्या बेतात आलं की उलट, आणि शेवटी जाळावर धर. फुगली तर फुगली.

माझी पहिली भाकरी बघून थोरला पोरगा म्हणाला, ‘बाबा, हिची सीमा वादात आहे.’ घरात कितीतरी वर्षांनी सगळे एकदम हसले. हात तेव्हा कापायचे, त्यामुळं भाकरी परातीतनं तव्यावर जाईपर्यंत दोनदा फाटायची. रोज सात ते आठ. महिन्याभरानं एक फुगली. मी ती ताटात वाढलीच नाही, नुसता बघत बसलो, आणि काकीनं ‘थंड करालास की काय’ म्हणून हातातनं काढून घेतली.

तुला वाटेल हा म्हातारा दारूवर भाकरीचा उतारा सांगतोय. तसं नव्हे. उतारा दवाखान्याचा. तू दवाखान्यात राहून सोडलीस हे फार बरं केलंस. घरच्यांनी खोलीत कोंडून दारू तोडायला लावलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी फिट आलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. गोळ्या मनानं बंद करू नकोस. दारूवर पडली की धडधड आणि उलट्या करवणारी ती गोळी चालू असेल, तर खोकल्याचं औषध डॉक्टरला दाखवूनच घे, आणि आईच्या कपाटातल्या द्राक्षासवाला हात लावू नकोस. आसव-अरिष्टात आंबताना अल्कोहोल तयार झालेलंच असतं. रात्री मन फारच बिघडलं आणि मी फोन उचलला नाही, तर १४४१६ लाव. सरकारी टेली-मानस आहे, पैसे पडत नाहीत.

भाकरीचं एवढ्यासाठी सांगितलं की आमच्या मंडळीची सुरुवातसुद्धा कुणाच्या तरी घरातच झाली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे अमेरिकेतल्या ॲक्रन गावात १९३५ साली भेटलेले दोन दारुडे, एक शेअर बाजारातला बिल आणि एक सर्जन, डॉ. बॉब. बिल हॉटेलच्या लॉबीत उभा होता, समोर बार दिसत होता, आणि तो बारकडं न जाता फोनकडं गेला: दुसरा कुणी दारुडा बोलायला मिळेल का म्हणून. त्या उन्हाळ्यात बिल डॉक्टरांच्याच घरी राहिला. ओढ कमी व्हावी म्हणून डॉक्टरांना आंबवलेला कोबी, टोमॅटो आणि मक्याचा पाक खायला घालायचे. बिचारे डॉक्टर! आपल्याकडं निदान झुणका तरी आहे.

दारू सोडायच्या त्यांच्या बारा पायऱ्यांत देव येतो, आणि तिथंच तू अडलायस. पण तिथं शब्द आहेत ‘आम्हाला जसा उमगला तसा ईश्वर’. मला पहिलं वर्षभर काहीच उमगला नव्हता. माझ्या वाट्याला एक कानडी म्हातारा आला होता, बसमध्ये कंडक्टरकी करून निवृत्त झालेला, त्या वेळी चौदा वर्षं न प्यायलेला. माझी कानडी बाजारापुरती, त्याची मराठी तिकिटापुरती. रोज साडेसातला त्याचा फोन यायचा आणि तो एकच विचारायचा, ‘ऊट आयता?’ जेवण झालं का. मी ‘आयतु’ म्हटलं की ठेवून द्यायचा. १ नोव्हेंबरला आमच्या गल्लीत काळा दिन, त्याच्या गल्लीत राज्योत्सवाची मिरवणूक. त्या दिवशीही मागे ढोल वाजत असताना फोन आला, ‘ऊट आयता?’ त्याला वाटायचं मी टिकेन. आणि मला एवढंच वाटायचं की हा म्हातारा खोटं बोलणार नाही. वर्षभर माझा विश्वास म्हणजे एवढाच होता, आणि तेवढा पुरला.

पुढं मला देव उमगला का, ते मी इथं लिहीत नाही. एकादशीला देवळात जातो, बोळातनं नाही, सरळ रस्त्यानं.

उलट बाजूचा विश्वास मात्र मी हातानं चाचपलाय. पीत होतो तेव्हा काकी भाड्याचे पैसे तांदळाच्या डब्यात लपवायची. मला माहीत नव्हतं. मी कपाट, गादी, देवघर सगळं उलथलं होतं. तांदळात हात घालायचं सुचलं नाही, कारण घरात तांदूळ कुठं असतो हेच ठाऊक नव्हतं. सुटल्यावर तिसऱ्या महिन्यात ती तापानं पडली आणि भात मी लावायला घेतला. मापटं आत घातलं तर बोटांना कापड लागलं. गाठ मारलेली पुरचुंडी. वरचे तांदूळ सारखे करून मी डबा लावला आणि काही बोललो नाही. तीही बोलली नाही. त्यानंतर दोन वर्षं मी त्या पुरचुंडीच्या कडेकडेनं तांदूळ काढत होतो. एकदा मापटं सरळ तळाला टेकलं. वर बघितलं तर पैसे फळीवर, उघड्या स्टीलच्या पेल्यात, लाइट बिलाच्या शेजारी. मी दोन मापटी काढली, धुतले, भात लावला. त्या दिवशी मीठ घालायला विसरलो.

म्हणून तुझी ती तक्रार, की पंचेचाळीस दिवस झाले तरी वहिनी पर्स उचलून आत नेते, ती मला सांगू नकोस. नेऊ दे. तिनं तुझ्यापायी काय काय विकलं ते तुला आठवत नसेल, तिला आठवतं. तिला ‘माझ्यावर विश्वास ठेव’ म्हणू नकोस, त्यापेक्षा लसूण सोलून दे. पहिले काही दिवस ‘पुरुषमाणसाचं इथं काय काम’ म्हणेल. लसूण सोलायला कुणी नाही म्हणत नाही. दादा शनिवारी घरात बाटली आणतो, ते मात्र त्याच्याशी बोलायला हवं, आणि भांडून नाही, सकाळी, तो शुद्धीत असताना. जमत नसेल तर मी येतो. शनिवारची संध्याकाळ तोवर मीटिंगला काढ.

गणपती येतायत. आरतीला जा, मंडळात वर्गणी दे, प्रसाद खा. पण विसर्जनाची रात्र मिरवणुकीत काढू नकोस. इथली मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि त्यात काय चालतं ते मी तुला सांगायला नको. त्या संध्याकाळी पाचच्या बसनं आमच्याकडं ये, मुक्कामाला. काकी मसुराची आमटी करणार आहे, संकेश्वरी मिरची घालून, तेव्हा रुमाल आण. भाकरी तू करायचीस. येताना दोन किलो जोंधळ्याचं पीठ घेऊन ये, त्याच दिवशी गिरणीतनं दळलेलं. आमच्या डब्यातलं महिनाभराचं आहे, त्याची विरी गेलीय, ते थापताना चिरत राहील आणि तू उगीच हाताला दोष देत बसशील.

तुझा,
काका