बडतर्फ झाल्यावरही सार्वजनिक उच्च शिक्षणाकडून तुम्हाला आशा का वाटते?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ज्या व्यवस्थेने घरी बसवलं तिच्याकडून मी अजून आशा कसली धरतो, आणि मुलीला बारावीनंतर तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात घालावं की कर्ज काढून पुण्यातल्या खासगी विद्यापीठात पाठवावं. दोन्हींचं उत्तर एकत्रच देतो, कारण माझ्या लेखी तो एकच प्रश्न आहे.

आधी माझं सांगतो. पुण्यापासून दीड तासावरच्या एका अनुदानित कॉलेजात मी अकरा वर्षं भूगोल शिकवला. प्राध्यापकांसाठीची नेट ही पात्रता परीक्षा झालेली, विद्यापीठाची मान्यता मिळालेली, पगार शासनाचा. आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला अभ्याससहल असायची, मुलं तिचा अहवाल लिहायची आणि प्रात्यक्षिकात त्याला गुण असायचे. त्या वर्षी सहलीचे पैसे मुलांकडून घेतले गेले, सहल मात्र निघाली नाही. परीक्षा जवळ आल्यावर मला सांगण्यात आलं की, जुने अहवाल मुलांकडून उतरवून घ्या आणि गुण भरा. न निघालेल्या सहलीचे गुण मी भरणार नाही, असं मी लेखी कळवलं. मग कारणे दाखवा नोटीस, निलंबन, आरोपपत्र, संस्थेनेच नेमलेली चौकशी समिती आणि शेवटी बडतर्फीचा आदेश. आरोपपत्रात सहलीचा शब्दसुद्धा नव्हता, वरिष्ठांच्या आदेशाचा अवमान केला एवढंच होतं. मी विद्यापीठ व महाविद्यालयीन न्यायाधिकरणात अपील केलं आहे. तारखा पडतायत.

राग आहेच. पण मी रागावलोय तो संस्था चालवणाऱ्यांवर. त्या वर्गखोलीवर रागावणं मला जमत नाही, आणि का जमत नाही ते एका नकाशावरून सांगतो.

भूगोलाच्या प्रात्यक्षिकात भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट वापरतात. प्रमाण 1:50,000, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. पहिल्या तासाला मी मुद्दाम आमच्याच भागाची शीट टेबलावर पसरायचो. घडीवर झिजलेली, मागून कापड लावलेली ती शीट होती. मुलं आधी आपलं गाव शोधतात, मग देऊळ, मग शाळा. एका वर्षी एका मुलीला गाव सापडलं. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ती आजीजवळ राहून शिकत होती. बोट ठेवून तिने विचारलं, "सर, नदी निळी आहे, मग आमचा ओढा काळा का?" टोपोशीटवर बारमाही पाणी निळ्या रंगात दाखवतात आणि पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा काळ्या रेघेने. तसं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हंजी आमच्याकडं पाणी टिकत नाही हे नकाशा काढणाऱ्यांनाबी ठाव होतं."

त्या दिवशी ठरवलेलं काही शिकवून झालं नाही. सह्याद्रीची पर्जन्यछाया, बेसॉल्टच्या थरांत पाणी कुठे मुरतं आणि कुठे अडतं, एकाच शिवारात एका विहिरीला पाणी आणि दुसरी कोरडी असं का होतं, यावरच दोन तास गेले. तिसऱ्या वर्षापर्यंत तिने गावातल्या सगळ्या विहिरींची पातळी दर महिन्याला दोरी सोडून मोजली आणि मराठीत चाळीस पानांचा अहवाल लिहिला. हे घडलं कारण पहिल्या वर्षापासून तिसऱ्या वर्षापर्यंत तिला तोच शिक्षक होता. आणि ती तिथे आली ती एसटीच्या पासवर, शिष्यवृत्तीवर. पुण्यात खोली, मेस आणि खासगी फी असं कुणी सांगितलं असतं, तर तिचं शिक्षण बारावीलाच संपलं असतं.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी अपेक्षा एकच आहे: मंजूर पदं भरा. अनुदानित कॉलेजात प्राध्यापक निवृत्त झाला की पद रिकामं राहतं आणि तिथे तासिका तत्त्वावर माणूस येतो. त्याला तासाप्रमाणे मानधन, तेही महिनोन्‌महिने थकणारं, सुट्टीत काही नाही. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. हे सगळे नेट किंवा राज्याची सेट ही परीक्षा झालेले, कित्येक पीएच.डी. झालेले लोक आहेत. आमच्या विभागातला एक सहकारी सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या तालुक्यात शिकवायचा, मधला वेळ एसटी स्टँडवर. त्याच्याकडून तीन वर्षं विहिरी मोजून घेण्याची अपेक्षा कशी करायची? पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही, हेच त्याला ठाऊक नसतं. आणि न निघालेल्या सहलीचे गुण भरा असं त्याला सांगितलं, तर तो नाही म्हणू शकेल का? मी निदान नाही म्हणू शकलो, अपीलही करू शकलो. त्याला काढण्यासाठी नोटिसीचीही गरज नाही, पुढच्या वर्षी बोलावलं नाही की झालं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी, संशोधन प्रकल्प, कामाचा प्रत्यक्ष अनुभव असं बरंच काही आणलं. कागदावर मला ते आवडतं. पण प्रकल्पाला मार्गदर्शक लागतो, आणि तो विभागात बसलेला असावा लागतो.

दुसरी अपेक्षा नेमणुकीची. पगार शासन देतं आणि निवड संस्था करते, हे बदलायला हवं. निवड समितीवर विद्यापीठाचे आणि शासनाचे प्रतिनिधी बसतात हे खरं, पण कुणाला घ्यायचं ते आधीच ठरल्याची कुजबुज उमेदवारांत असते आणि तिथे कोणत्या रकमा बोलल्या जातात ते तुम्हीही ऐकलं असेल. पश्चिम बंगालमध्ये अनुदानित कॉलेजांसाठी कॉलेज सर्विस कमिशन शिफारस करतं. आपल्याकडे शाळांच्या शिक्षकभरतीसाठी पवित्र पोर्टल आलं. त्यात त्रुटी आहेत, तरी गुणवत्ता यादी लोकांसमोर लागते. कॉलेजांना तेवढं तरी मिळावं.

मराठी पुस्तकांबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार. 1916 साली धोंडो केशव कर्व्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू केलं ते पाच विद्यार्थिनींवर, आणि उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यायचं असं ठरवून. शंभराहून अधिक वर्षं झाली. शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले, विद्यापीठ स्तरावरची पुस्तकं मराठीत यावीत म्हणून ग्रंथनिर्मिती मंडळ झालं. आणि तरीही बी.ए.चा मुलगा आज परीक्षेआधी गाइड घेतो, कारण वाचावंसं वाटेल असं ताजं मराठी पुस्तक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्या आनंदात भूजलावरचं, सांख्यिकीवरचं, अर्थशास्त्रावरचं प्रत्येकी एक तरी चांगलं पदवीचं पुस्तक यावं आणि ते तालुक्याच्या ग्रंथालयात असावं, ही माझी इच्छा आहे.

विद्यापीठाच्या पसाऱ्याबद्दल थोडक्यात: पुणे, नाशिक, अहिल्यानगर असे तीन जिल्हे एका सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या मुलाला पुणं फार लांब पडतं. नाशिक आणि नगरच्या उपकेंद्रांना खरे अधिकार आणि शिक्षक मिळायला हवेत.

सध्या मी नारायण पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना भूगोल शिकवतो. बहुतेक मुलं तालुक्याच्या कॉलेजांतून आलेली, मेसचा डबा दोन वेळा पुरवणारी. त्यांतल्या कित्येकांनी भूगोलात पदवी घेतली आहे आणि टोपोशीट कधी हातात धरलेली नाही. शीट पसरली की तीही आधी आपलं गाव शोधतात.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर, कर्ज काढण्याआधी तालुक्याच्या कॉलेजात एक दिवस घालवा. कॉलेजच्या संकेतस्थळावर नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, दिलेला अहवाल असतो. त्यात मंजूर पदं किती आणि पूर्णवेळ शिक्षक किती हे दिलेलं असतं. नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, अनुदानित कॉलेजला उत्तर द्यावं लागतं. तिला हव्या असलेल्या विषयात निदान दोन पूर्णवेळ शिक्षक असतील तर बिनधास्त घाला. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं ते कर्मचाऱ्यांना नको, मुलांना विचारा. आणि तिला भूगोल घ्यायचा असेल तर विभागात जाऊन टोपोशीटचं कपाट उघडून दाखवायला सांगा.