पन्नास यार्डांच्या मैदानातून आलेला प्रशिक्षक

वाचक विचारतात

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त फ्लोरिडातील टॅम्पा येथे राहतो. तेथील जुने क्रीडाप्रेमी ‘जे ग्रुडेन’ या प्रशिक्षकांचे नाव फार आदराने घेतात, असे तो सांगतो. मी मात्र शोध घेतला, तेव्हा ‘वॉशिंग्टन संघाने पदावरून दूर केलेले प्रशिक्षक’ एवढीच त्यांची ओळख ठळकपणे समोर आली. एकाच माणसाविषयी अशी दोन टोकांची मते कशी? शिवाय ते ज्या बंदिस्त मैदानावरील फुटबॉलमध्ये नावाजले, तो खेळ नेमका कसा असतो?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण तो समजला की पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच सापडते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक चालीच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे फेकायचा हे ज्याला क्षणार्धात ठरवावे लागते, त्या खेळाडूस क्वार्टरबॅक म्हणतात. हा खेळ मोकळ्या मैदानावर अकरा-अकरा जणांचा असतो. त्याच्या बंदिस्त प्रकाराचे जनक जिम फॉस्टर हे 1981 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बंदिस्त सभागृहातील सॉकरचा सामना पाहत होते. अमेरिकन फुटबॉलही असाच छताखाली का खेळू नये, या विचाराने त्यांनी हातातील पाकिटावरच मैदानाचा आराखडा काढला. त्यातून 1987 साली चार संघांची अरीना फुटबॉल लीग उभी राहिली.

आइस हॉकीच्या मैदानाएवढ्या जागेत हा खेळ बसवलेला आहे. मैदानाची लांबी शंभराऐवजी पन्नास यार्ड आणि रुंदी 160 फुटांऐवजी 85 फूट असते, आणि प्रत्येक बाजूला आठच खेळाडू असतात. सीमारेषेला लागून गादी लावलेल्या भिंती असतात, तर गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना मोठ्या ताणलेल्या जाळ्या असतात. जाळीवर आपटून परत आलेला चेंडू जिवंत मानला जातो आणि तो कोणीही झेलू शकतो. चाळीच्या अंगणात ‘एक टप्पा एक हात’ खेळलेल्या वाचकांना याची गंमत वेगळी सांगायला नको. भिंतीवरून चेंडू कोणत्या कोनात परत येईल हे ज्याला आधी कळते, त्याचेच तिथे चालते. चेंडू लाथेने दूर टोलवून संकट टाळण्याची मोकळ्या मैदानावरील सोय इथे नाही. चाल सुरू होण्यापूर्वीच एका आक्रमक खेळाडूला पुढच्या दिशेने पूर्ण वेगात धावत येण्याची मुभा असते. त्यामुळे गुण भराभर होतात आणि एकेका संघाचे पन्नास-साठ गुण होणे नवलाचे राहत नाही. बहुतेक खेळाडूंना आक्रमण आणि बचाव अशी दोन्ही कामे करावी लागत. 2007 पर्यंत नियमच तसा होता. क्वार्टरबॅकला मात्र त्यातून सूट होती. म्हणजे दोन्ही बाजूंनी राबणाऱ्या सहकाऱ्यांच्या कष्टाचे चीज करणे किंवा ते वाया घालवणे एकट्या क्वार्टरबॅकच्या निर्णयावर अवलंबून असे. माझ्या मते पुढे प्रशिक्षक होणाऱ्यासाठी याहून कडक शाळा शोधून सापडणार नाही.

जे ग्रुडेन या शाळेतले पहिल्या बाकावरचे विद्यार्थी होते. त्यांचा जन्म 1967 साली ओहायो राज्यातील टिफिन गावी झाला. लुइव्हिल विद्यापीठात ते क्वार्टरबॅक होते. पण एनएफएल या मुख्य व्यावसायिक लीगच्या निवडप्रक्रियेत त्यांना कोणीच घेतले नाही. त्यानंतर ते टॅम्पा बे स्टॉर्म या अरीना संघात आले आणि त्यांनी 1991, 1993, 1995 आणि 1996 असे चार वेळा संघाला ‘अरीनाबोल’ हे विजेतेपद मिळवून दिले. 1992 मध्ये ते लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. 1996 चा अंतिम सामना आयोवा राज्यातील डे मॉइन येथे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या घरी झाला आणि टॅम्पाने तो 42–38 असा जिंकला. त्या दिवशी समोरच्या आयोवा बार्नस्टॉर्मर्सचा क्वार्टरबॅक होता कर्ट वॉर्नर, जो त्याआधी किराणा दुकानात रात्रपाळीला मांडणीवर माल लावत असे आणि ज्याने पुढे जानेवारी 2000 मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. आपल्या भाच्याने जुन्या सामन्यांचे चित्रण शोधले, तर आरंभ याच सामन्यापासून करावा, असे मी सुचवीन.

1997 साली ग्रुडेन यांनी नॅशव्हिल कॅट्स या अरीना संघाच्या आक्रमणाची आखणी सांभाळली. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते ऑर्लँडो प्रिडेटर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. टॅम्पा आणि ऑर्लँडो ही शहरे एकाच महामार्गाने जोडलेली आहेत आणि या दोन संघांतील चुरस त्या लीगमध्ये सर्वांत कडवी मानली जाई. त्या 1998 च्या हंगामाचा अंतिम सामना टॅम्पातच झाला आणि त्यात ऑर्लँडोने टॅम्पाचा 62–31 असा पराभव केला. ज्या प्रेक्षकांनी ग्रुडेन यांना चार विजेतेपदांसाठी डोक्यावर घेतले होते, त्यांच्याच समोर त्यांनी ही किमया केली. ज्या टिम मार्कम यांच्या मार्गदर्शनाखाली ते 1995 आणि 1996 मध्ये जिंकले, तेच मार्कम समोरच्या बाजूला उभे होते. मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत हा सामना सर्वाधिक बोलका वाटतो. जुन्या गुरूंची खेळी त्यांना आतून ठाऊक होती, आणि ते ज्ञान मैदानात चेंडू हाती नसताना, केवळ इतरांकरवी, वापरता येते हे त्यांनी त्या दिवशी दाखवून दिले. 2000 साली नॅशव्हिलला 41–38 असे हरवून ऑर्लँडोने त्यांच्याच हाताखाली पुन्हा विजेतेपद मिळवले.

2002 मध्ये थोरले बंधू जॉन ग्रुडेन एनएफएलमधील टॅम्पा बे बकनिअर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि धाकटे जे ग्रुडेन त्यांच्या सहायकांत दाखल झाले. जानेवारी 2003 मध्ये त्या संघाने सुपर बोल जिंकला. नवलाची गोष्ट अशी की त्याच सुमारास, पस्तिशी गाठल्यावर, जे ग्रुडेन पुन्हा ऑर्लँडोसाठी क्वार्टरबॅक म्हणून मैदानातही उतरत होते, आणि 2004 पासून तर त्यांनी ऑर्लँडोचे मुख्य प्रशिक्षकपद परत स्वीकारले. 2011 ते 2013 या काळात त्यांनी एनएफएलमधील सिनसिनाटी बेंगल्सच्या आक्रमणाची धुरा वाहिली. त्या तिन्ही हंगामांत संघ बाद फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात हरला. जानेवारी 2014 मध्ये एनएफएलमधीलच वॉशिंग्टन संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले.

आता आपल्या प्रश्नाच्या मुळाशी येतो. वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या नावावर 35 विजय, 49 पराभव आणि एक बरोबरी आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये ओळीने पाच सामने गमावल्यावर त्यांना पदावरून दूर करण्यात आले. हे आकडे लपवण्याजोगे नाहीत आणि मी त्यांचे समर्थनही करणार नाही. तरीही त्या आकड्यांखाली काय होते, हे पाहिल्याशिवाय न्याय होत नाही. संघाने मोठी किंमत मोजून आणलेला रॉबर्ट ग्रिफिन हा क्वार्टरबॅक 2015 मध्ये बाजूला ठेवून ग्रुडेन यांनी कर्क कझिन्सला पुढे केले. कझिन्सने त्या हंगामात चार हजारांहून अधिक यार्ड फेक केली आणि संघाने आपल्या विभागाचे विजेतेपद मिळवले. कोणाची नजर कुठे पोहोचते आणि चेंडू हातातून किती लवकर सुटतो, हे ओळखण्याची पारख त्यांनी अरीनातच कमावली होती, आणि ती इथे उपयोगी पडली. कझिन्सला दीर्घ करार देण्याचा प्रश्न मात्र व्यवस्थापनाचा होता. दोन वर्षे एकेका वर्षाच्या बोलीवर काढून तो 2018 मध्ये मिनेसोटाला निघून गेला. त्या वर्षी अॅलेक्स स्मिथच्या हाती खेळ देऊन वॉशिंग्टनने नऊपैकी सहा सामने जिंकले होते; नोव्हेंबरमध्ये स्मिथचा पाय मोडला, थोड्याच दिवसांत त्याच्या जागी आलेल्या खेळाडूचाही पाय मोडला, आणि हंगाम सात विजय, नऊ पराभव असा संपला.

अरीना संघात वीस-बावीस खेळाडू असतात, त्यामुळे प्रत्येकाचा स्वभाव प्रशिक्षकाला ठाऊक असतो. एनएफएलमध्ये 53 खेळाडू, सहायकांचा मोठा ताफा, खेळाडूंची निवड करणारे वेगळे अधिकारी आणि त्या सर्वांच्या वर संघाचा मालक असतो. ऑर्लँडोत ग्रुडेन ठरवीत ते होत असे. वॉशिंग्टनमध्ये त्यांनी ठरवलेल्यापैकी थोडेच त्यांच्या हातात होते. खेळ वाचण्याचे शिक्षण त्यांना लहान मैदानाने भरपूर दिले. सत्तेच्या अशा मांडणीत वावरण्याचे शिक्षण देणे त्या मैदानाला शक्यच नव्हते. टॅम्पाचे लोक त्यांना पहिल्या कामासाठी आठवतात आणि बाकीचा देश दुसऱ्यासाठी. हेही नोंदवले पाहिजे की त्यांच्या हाताखाली वॉशिंग्टनच्या आक्रमणाची जबाबदारी सांभाळणारे शॉन मॅकव्हे 2017 मध्ये तिसाव्या वर्षी लॉस एंजेलिस रॅम्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांनी सुपर बोल जिंकला.

प्रश्न : मागील अंकात आपण ग्रुडेन यांचा ओझरता उल्लेख केला होता. बंदिस्त मैदानावरील क्वार्टरबॅक मुख्य प्रशिक्षक झाल्याचे आणखी उदाहरण आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे, आणि मला ते तितकेच मोलाचे वाटते. टेक्सासचे क्लिंट डोलेझेल यांनी अरीना लीगमध्ये नऊशेहून अधिक टचडाउन फेकी (चेंडू थेट प्रतिस्पर्ध्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवून गुण मिळवून देणाऱ्या फेकी) केल्या आणि 2001 मध्ये ग्रँड रॅपिड्स रॅम्पेजला विजेतेपद मिळवून दिले. पुढे प्रशिक्षक म्हणून ते याच खेळात राहिले. फिलाडेल्फिया सोल या संघाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली 2016 मध्ये अॅरिझोनाला 56–42 आणि 2017 मध्ये टॅम्पाला 44–40 असे हरवून लागोपाठ दोन अरीनाबोल जिंकले. तोवर लीग आटत चालली होती. 2009 चा हंगाम पैशाअभावी झालाच नव्हता, आणि 2017 मध्ये तर पाचच संघ उरले होते. एवढ्या आक्रसलेल्या लीगमध्येही, उद्या संघ राहील की नाही याची खात्री नसताना, खेळाडूंना सरावाला उभे करणे हे अवघड काम त्यांनी केले. ऑगस्ट 2019 मधील अंतिम सामन्यात त्यांचा संघ ऑल्बनीकडून 45–27 असा हरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ग्रुडेन यांचे पद गेले आणि नोव्हेंबरात लीगने दिवाळखोरी जाहीर केली.