‘गॅस्ट्रिक मेटाप्लेसिया’ला मराठीत काय म्हणावं?

एका वाचकाने विचारलं आहे : दुर्बिणीच्या तपासणीनंतर आलेल्या बायोप्सीच्या अहवालात ‘ड्युओडेनम – गॅस्ट्रिक मेटाप्लेसिया, एच. पायलोरी पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘जठरातला बदल’ असा लावला. तो बरोबर आहे का?

नाही. घोटाळा ‘गॅस्ट्रिक’ या विशेषणाने केलाय. मेटाप्लेसिया म्हणजे एका प्रकारच्या पेशींच्या जागी दुसऱ्या प्रकारच्या पेशी येणं. त्याच्या आधी येणारं विशेषण बदल कुठे झाला ते सांगत नाही, पेशी कशासारख्या झाल्या ते सांगतं. इथे जागा ड्युओडेनम, म्हणजे जठर संपलं की लागणारा लहान आतड्याचा पहिला भाग. त्याच्या अस्तरात जठराच्या अस्तरासारख्या पेशी दिसू लागल्यात. याच्या नेमकं उलट, जठरात आतड्यासारख्या पेशी आल्या, की अहवालात ‘इंटेस्टायनल मेटाप्लेसिया’ येतं. या दोघांची गल्लत अजिबात परवडणारी नाही. जठराच्या कर्करोगाच्या संदर्भात डॉक्टर जपतात ते दुसऱ्याला. पहिल्याचं नातं मुख्यतः आतड्यातल्या अल्सरशी.

म्हणून मी ‘आद्यांत्रातील जठरसदृश पेशीरूपांतर’ असं लिहीन. लांबलचक आहे खरं, पण ‘सदृश’ गाळलं की वाचणारा पुन्हा जठरातच जाऊन पोचतो. ड्युओडेनमसाठी ‘ग्रहणी’ही चालतो, पण आयुर्वेदात ते अवयवाचं नाव तसं रोगाचंही, आणि ‘संग्रहणी’ म्हटलं की आपल्याला जुने जुलाबच आठवतात. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर ‘आद्यांत्र’ बरा. (मूळ लॅटिन शब्दात बारा आहेत : बारा बोटं रुंदीइतका लांब, म्हणून ड्युओडेनम. आपल्या अंगुळांचंच माप!)

पेशी असं रूप का पालटतात, तेही पाहू. अहवालातला एच. पायलोरी हा जठरात राहणारा जंतू. तो जठराच्या शेवटच्या भागात ठाण मांडून बसला, की आम्लाला आवर घालणारं सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक कमी पडतं, आम्ल वाढवणारं गॅस्ट्रिन वाढतं आणि जास्तीचं आम्ल आद्यांत्रात उतरतं. त्या माऱ्यापुढे तिथलं अस्तर आम्ल सोसणाऱ्या जठराचं रूप घेतं. आणि एच. पायलोरी नेमका जठराच्या धाटणीच्या पेशींवरच चिकटतो! एरवी आतड्यात त्याला थारा नसतो. आता तिथेही बस्तान बसतं, दाह होतो, पुढे व्रण, म्हणजे अल्सर, होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या डॉक्टर बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1982 मध्ये हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, तोवर अशा व्रणांचं खापर मुख्यतः ताण आणि तिखटावर फुटत असे. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

याच प्रश्नात ‘म्हणजे आम्लपित्तच ना?’ अशी पुरवणी आहे. हा शब्द इथे नको. अंगावर गांधी उठल्या तरी आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो, डोकं दुखून उलटी झाली तरी ‘पित्त झालं’. आधुनिक वैद्यकातलं पित्त यकृतात तयार होतं आणि जठरातलं आम्ल ही वेगळीच चीज आहे. ‘अ‍ॅसिडिटी’ आपण म्हणतो ती जळजळीला, म्हणजे लक्षणाला. अहवालाच्या भाषेत हवी ‘आम्लता’, म्हणजे मोजता येणारी गोष्ट. ती या संसर्गात दर वेळी वाढतेच असंही नाही. दाह जठराच्या मुख्य भागात पसरून ग्रंथी झिजल्या, तर आम्लता उलट घटते.