स्लॉट 'सोडावा' की 'काढून टाकावा'?

वाशीमकडच्या एका वाचकांनी विचारलंय: पतसंस्थेच्या पोस्टग्रेस डेटाबेससाठी स्टँडबाय सर्व्हर (मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणारा राखीव सर्व्हर) लावतोय, कर्मचाऱ्यांसाठी सूचना मराठीत लिहितोय. 'रेप्लिकेशन स्लॉट'ला 'खाच' म्हणू की 'जागा'? आणि 'स्टँडबाय कायमचा बंद केल्यास त्याचा स्लॉट सोडावा' हे वाक्य चालेल का?

नाव 'स्लॉट'च राहू द्या. 'खाच' कोशातच शोभते, आणि 'जागा' घेतलीत तर 'जागेनं डिस्कवरची जागा खाल्ली' असं लिहायची पाळी येईल. अडचण एवढीच की आपल्याकडे स्लॉट म्हणजे वेळ. सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर स्लॉट घ्यावा लागतो. दिवस टळला की तो गेला. पोस्टग्रेसमधला स्लॉट (२०१४च्या ९.४ आवृत्तीपासून आहे) याच्या अगदी उलट, कोणी फिरकलं नाही तरी जात नाही. स्टँडबायनं कुठवरच्या वॉल नोंदी (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) घेतल्या याची खूण त्यात असते आणि त्यापुढच्या नोंदी मुख्य सर्व्हर पुसत नाही. म्हणून शब्द पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'पोचखूण' लिहा. अर्जाची पोच मागायची सवय आपल्याला आहेच.

खरी गोम क्रियापदात आहे. 'सोडणे' म्हणजे धरलेलं मोकळं करणे, आणि 'सोडणे' म्हणजे आहे तसं राहू देणेही. 'जाऊ दे, सोड ना' म्हणणारा वऱ्हाडी माणूस तुमची सूचना वाचून स्लॉट तसाच ठेवील, आणि सूचना पाळली असंच समजेल! मग १६ एमबीची एकेक वॉल फाइल साठत जाते, डिस्क भरते आणि चालता मुख्य सर्व्हरच बंद पडतो. १३व्या आवृत्तीपासून या साठ्याला कमाल मर्यादा घालता येते, पण ती आपण घालावी लागते. मुळात अमर्याद असते. मर्यादा ओलांडली की डिस्क वाचते, स्लॉट मात्र बाद होतो. मग नोंदींचा वेगळा साठा ठेवला नसेल तर स्टँडबाय नव्यानं उभा करायचा.

लाइन गेली म्हणून दोन दिवस बंद असलेला स्टँडबाय वेगळा. त्याचा स्लॉट हवाच. त्यामुळे 'कायमचा' हा शब्द ठेवलात ते बरं केलंत. चालू स्लॉट काढता येत नाही, तेव्हा क्रमही सांगा: 'स्टँडबाय कायमचा बंद करायचा असल्यास आधी तो थांबवावा आणि मग मुख्य सर्व्हरवरून त्याचा स्लॉट काढून टाकावा.'