वाचकांचे प्रश्न: स्क्रीन किती इंची ते नंतर बघा, ॲन्टेना कुठे बसवणार ते आधी विचारा

प्रश्न: दादा, माझी गाडी नऊ वर्षं जुनी आहे, आत कंपनीचा साधा रेडिओ-सीडीवाला स्टिरिओ आहे. नवीन कामामुळे मला रोज वेगवेगळ्या साइटवर एकटीने जावं लागतं आणि बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंजच नसते. मिस्टर म्हणतात फोन स्टँडला लाव, तेवढं पुरे. भाऊ म्हणतो वेगळं नॅव्हिगेशनचं डिव्हाइस घे. दुकानदार म्हणतो दहा इंची ॲन्ड्रॉइड स्क्रीन टाकून देतो, सगळं त्यातच येईल. नक्की काय घेऊ? आणि रेंज नसेल तर जीपीएस चालतं का मुळात?

उत्तर: ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचा निर्णय त्यावरच ठरणार आहे. जीपीएसला मोबाईलची रेंज लागत नाही. उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत आपली वेळ आणि आपली जागा सांगत असतात, गाडीतलं यंत्र ते फक्त ऐकतं, उलट काही पाठवत नाही. निदान चार उपग्रह नीट ऐकू आले की आपण कुठे आहोत ते कळतं. रेंज लागते ती नकाशा उतरवायला आणि पुढे ट्रॅफिक आहे का ते कळायला. म्हणूनच रेंज गेली की फोनवर निळा ठिपका पुढे सरकत राहतो पण त्याच्याखालचे रस्ते गायब होतात आणि माणसाला वाटतं जीपीएस गेलं. त्या भागाचा नकाशा आदल्या दिवशी वायफायवर ऑफलाइन उतरवून ठेवलात तर हा त्रास बराच कमी होतो, ट्रॅफिक तेवढं दिसणार नाही. एक गोष्ट मात्र होते, रेंज नसताना फोन पहिल्यांदा जागा शोधायला जास्त वेळ घेतो, कारण एरवी उपग्रह कुठे आहेत ही माहिती त्याला नेटवर्कवरून पटकन मिळते आणि रेंज नसली की तीच माहिती उपग्रहाकडून हळूहळू घ्यावी लागते, एका उपग्रहाची घ्यायला साधारण ३० सेकंद. तेवढा वेळ गाडी मोकळ्या आकाशाखाली उभी ठेवा, चालू गाडीत ठिपका शोधत बसू नका.

आता तिघांचं म्हणणं बघू. मिस्टर चुकीचं सांगत नाहीयेत, सुरुवात फोनपासूनच करा. महिनाभर ऑफलाइन नकाशे टाकून आणि चांगला घट्ट स्टँड लावून चालवून बघा, म्हणजे तुम्हाला खरं काय कमी पडतंय ते कळेल. रोज तासन् तास चालवणाऱ्याला फोनचा त्रास कुठे होतो ते सांगतो. काचेजवळ उन्हात फोन तापतो, तापला की स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग थांबतं, आणि नेमकं वळण आलं की कुणाचा तरी फोन येऊन नकाशा झाकला जातो. हे चार दिवसांतून एकदा होत असेल तर चालेल, रोज होत असेल तर पुढच्या पर्यायाकडे वळा.

भावाचं डिव्हाइस, म्हणजे गार्मिन किंवा टॉमटॉमसारखं काचेला चिकटवायचं, ते आता जुनं झालं असं लोक म्हणतात पण मला ते पटत नाही. नकाशा त्याच्या पोटातच असतो, रेंजशी संबंध नाही, कॉल येत नाही, आणि गाडी बदलली की काढून दुसऱ्या गाडीत लावता येतं. तुमची गाडी अजून वर्ष-दोन वर्षंच ठेवायची असेल तर मी हेच घ्या म्हणेन. घेताना नकाशाचे अपडेट फुकट आहेत का ते विचारा, आणि लाइफटाइम अपडेट असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ कंपनी त्या मॉडेलला सपोर्ट देतेय तोपर्यंत, एवढाच धरा.

गाडी अजून पाच-सात वर्षं ठेवणार असाल तर हेडयुनिट, म्हणजे स्टिरिओच्या जागी बसणारं स्क्रीनवालं युनिट घ्या, पण दुकानदार सांगतोय ते नाही. ॲन्ड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (आयफोनसाठी), म्हणजे फोनमधलं गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय, नीट चालणारं सात इंची युनिट तुमच्यासाठी पुरेसं आहे, नकाशा फोनमधलाच, तुम्ही उतरवलेला, फक्त दिसणार मोठ्या स्क्रीनवर, आणि फोन खाली सावलीत. दहा इंची स्क्रीन पुढे आलेली असते, बऱ्याच गाड्यांत ती एसीच्या झोतासमोर येते, रात्री डोळ्यांवर प्रकाश मारते, आणि आवाज कमी करायलासुद्धा काचेवर बोट शोधावं लागतं. मला आवाजाचं गोल बटण असलेलं युनिटच आवडतं, न बघता हात जातो तिथे. तुम्ही एकट्या चालवता, नजर रस्त्यावरून जितकी कमी हटेल तितकं चांगलं.

मोठ्या रॅमच्या आणि नव्या ॲन्ड्रॉइड व्हर्जनच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. स्वस्त युनिटमध्ये सेटिंगमध्ये दिसणारा आकडा खोटा टाकलेला असू शकतो. त्यापेक्षा दुकानात युनिट पूर्ण बंद करून परत चालू करायला सांगा आणि नकाशा दिसेपर्यंत किती वेळ जातो ते मोजा, मग मागचा कॅमेरा आणि नकाशा एकदम वापरून अडकतंय का बघा.

आता वायरिंग. साधारणपणे स्टिरिओची पिवळी वायर बॅटरीचा कायमचा सप्लाय, लाल चावी फिरवल्यावरचा आणि काळी अर्थिंगची. काही गाड्यांत पिवळी आणि लाल गाडीच्या बाजूने उलट असतात, तसंच जोडलं तर दर वेळी सेटिंग पुसली जातात किंवा गाडी उभी असताना बॅटरी उतरते. म्हणून मीटर लावून तपासल्याशिवाय जोडू देऊ नका, आणि गाडीच्या मूळ वायरी कापू देऊ नका. तुमच्या मॉडेलचा तयार कपलर, म्हणजे वायरी न कापता जोडायचा प्लग मिळतो, तो मागा, स्टिअरिंगवरची बटणं चालवायची असतील तर त्यासाठीचा वेगळा ॲडॉप्टरही लागू शकतो. उद्या मूळ स्टिरिओ परत लावायची वेळ आली तर कापलेल्या वायरी फार रडवतात, मी स्वतः एकदा सगळी रात्र टेप आणि सोल्डर घेऊन बसलोय.

हेडयुनिटच्या जीपीएस ॲन्टेनाबद्दल पुढच्या प्रश्नात लिहितोय, तेही नक्की वाचा. तुमच्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

प्रश्न: सर, मी दोन महिन्यांपूर्वी हेडयुनिट बसवलं. फोन हातात धरला की जागा बरोबर दाखवतो, पण गाडीला जोडला की बाण बाजूच्या रस्त्यावर उडी मारतो, कधी उलट्या दिशेला तोंड करतो. फोन बदलून बघितला, तेच. युनिट खराब आहे का?

उत्तर: तुम्ही फोन बदलून बघितलंत ते फार बरं केलंत, निम्मं काम झालं. बऱ्याच जणांना माहीत नसतं की ॲन्ड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालू असताना काही हेडयुनिट स्वतःच्या जीपीएस ॲन्टेनाची जागा फोनला देतात. म्हणजे फोनचं जीपीएस एकदम ठीक असलं तरी नकाशा चालतो हेडयुनिटच्या ॲन्टेनावर. ती चुकली की नकाशाही चुकतो.

ती ॲन्टेना म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी चौकोनी वडी, मागे लांब वायर आणि खाली चुंबक. ती फिटिंगवाल्यांनी कुठे ठेवलीय ते बघा. माझ्या एका नातेवाइकाच्या गाडीत हीच तक्रार होती, म्हणून मी डॅशबोर्ड उघडला तर वडी युनिटच्या मागे लोखंडी पिंजऱ्यावर उलटी चिकटवलेली, चुंबक वर आणि तोंड जमिनीकडे. उपग्रहांचा सिग्नल आधीच फार क्षीण असतो, धातूतून तो आरपार येत नाही, आणि जे काही येतं ते आजूबाजूला आपटून येतं, वाट लांबली की हिशेब चुकतो. वेळेचा हिशेब एक मायक्रोसेकंद चुकला तरी ३०० मीटरचा फरक पडतो, मग बाण शेजारच्या रस्त्यावर जाणारच. ती वडी आम्ही काढली, डॅशबोर्डच्या वरच्या प्लॅस्टिकखाली, तोंड आकाशाकडे करून डबल टेपने बसवली आणि त्याच संध्याकाळी बाण लेनमध्ये आला. प्लॅस्टिकखाली चालतं, धातूखाली नाही. काही गाड्यांच्या समोरच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तोही सिग्नल अडवतो, अशा काचेत आरशाजवळ बहुतेक थोडी जागा मोकळी सोडलेली असते, ॲन्टेना तिथे न्या.

जागा बरोबर असूनही त्रास असेल तर डॅशकॅम आणि चार्जर काढून बघा. स्वस्त डॅशकॅम आणि यूएसबी चार्जर आसपास इतका विजेचा गोंगाट करतात की जवळ ठेवलेल्या ॲन्टेनाला उपग्रह ऐकूच येत नाहीत. आता मोजून बघायची सोपी युक्ती. युनिट ॲन्ड्रॉइडवालं असेल तर त्यात उपग्रह दाखवणारं कुठलंही जीपीएस टेस्टचं ॲप टाका. गाडी मोकळ्या मैदानात उभी करा आणि प्रत्येक उपग्रहासमोरचा सिग्नलचा आकडा बघा. बरेचसे उपग्रह ३५ ते ४५ च्या दरम्यान दिसत असतील तर ॲन्टेना छान आहे, सगळे विशीत अडकले असतील तर ॲन्टेना झाकली गेलीय. मग डॅशकॅमची पिन काढा आणि आकडे वर जातात का बघा, एका मिनिटात कळेल. त्याच ॲपमध्ये कुठल्या यंत्रणेचे उपग्रह वापरले जातायत तेही दिसतं, अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू. जितक्या जास्त यंत्रणा ऐकणारं युनिट तितकं उंच इमारतींच्या मधे ते जास्त टिकतं, कारण आकाशाची अरुंद पट्टी दिसत असली तरी तेवढ्यात पुरेसे उपग्रह सापडतात.

बोगद्यात मात्र कुठलीच ॲन्टेना उपयोगाची नाही. तिथे नकाशा पुढे सरकायला हवा असेल तर युनिटची वेगाची वायर गाडीच्या स्पीड सिग्नलला जोडावी लागते, म्हणजे चाकं किती फिरली यावरून ते अंदाज बांधत जातं. बऱ्याच युनिटना ती वायर असते पण फिटिंगवाले तिला टेप गुंडाळून सोडून देतात, तुमची तशीच सोडलीय का तेवढं विचारा.

प्रश्न: माझं जुनं काचेला लावायचं डिव्हाइस रस्ता नीट दाखवतं पण तारीख जवळपास वीस वर्षं मागची दाखवतं आणि पोचायची वेळ काहीच्या काही. फेकून देऊ का?

उत्तर: लगेच फेकू नका. जीपीएसचा जुना सिग्नल आठवडे मोजतो, आणि तो मोजणारा आकडा १०२४ आठवड्यांनी परत शून्यावर येतो, म्हणजे साधारण १९.६ वर्षांनी. पहिल्यांदा हे ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री. ज्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरने याची तयारी केली नव्हती ती तारीख तेवढीच मागे सांगतात. उपग्रहांपासूनचं अंतर आठवड्याच्या आतल्या वेळेवरून निघतं, म्हणून रस्ता बरोबर येतोय. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आहे का शोधा, अपडेटच्या आधी चार्ज पूर्ण करा आणि मधे वायर काढू नका. अपडेट मिळत नसेल तर मग नकाशाही किती जुना आहे ते बघा. नवीन पूल आणि वन-वे त्यात नसतील तर तारखेपेक्षा तीच अडचण मोठी आहे, आणि त्यासाठी बदललंत तर मी तुम्हाला अडवणार नाही.