पैसा अडकायच्या आधी बोल

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. मित्र कर्ज काढून आठशे फूट बोअर मारतोय, मोसंबी लावतोय. तुला ते पटत नाही, तरी ‘लई भारी, टाक’ म्हणून मोकळा झालास. आता विचारतोस, मैत्रीत असं बोलावंच लागतं ना? नाही लागत. मित्राला तोंडावर सांगायचं असतं, अन् पैसा अडकायच्या आधी सांगायचं असतं.

आपल्याखाली काळा पाषाण आहे. पाणी वरच्या मुरमात, नाहीतर फटीत. शेतीसाठी 60 मीटरखाली बोअर मारायला 2009 च्या भूजल कायद्यानेच मनाई आहे. बागेला फळ धरायला चार-पाच वर्षं. हे सगळं तुला माहीत आहे, मग त्याने ते कुणाकडून ऐकावं? बोअरच्या एजंटकडून?

2012 च्या दुष्काळात आमच्या जालन्याकडे बागा गेल्या, त्यात माझ्या मित्राचीही गेली. पानं गुंडाळलेली, फळं लिंबाएवढी राहून फांदीवरच वाळलेली. सालीला नख लावलं तर आत हिरवं काही नाही. लागवडीच्या वेळी पारावर सगळे ‘बेस्ट’ म्हणाले होते. मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं होतं, विहीर उन्हाळा काढत नाही, एवढी झाडं लावू नको. त्याने बोलणं टाकलं. लेकीच्या लग्नाची पत्रिकाही आली नाही. याचं आजही वाईट वाटतं. पण शब्द मागे घ्यावासा कधी वाटला नाही. ‘बेस्ट’वाल्यांपैकी कुणी टँकर घेऊन आलं नाही. मी पाठवला, तो त्याने बांधावरून परत लावला. तरी मी पाठवला.

‘त्याचं मन कसं मोडू’ असं मला लिहू नको. त्याचा राग तुला नको आहे, एवढंच आहे ते. रागावेल. रागावू दे. सातबाऱ्यावर बोजा चढल्यावर तुझं खरं त्याच्या काय कामाचं? तोंडावर सांग, आधी सांग.

चारचौघांत नको, घरी जा. पहिलं ‘लई भारी’ मनापासून नव्हतं, तेही सांग. विहिरीला मे महिन्यात किती परस, म्हणजे किती पुरुष खोल, पाणी राहतं ते दोघं बसून काढा, अन् तेवढ्यात काय भिजतं ते बघा. कर्जाच्या कागदावर सही अजून व्हायची आहे म्हणतोस. मग उद्यावर टाकू नको, आजच जा.