एकट्याने एक दिवस: ठाण्याची तुरुंगभिंत ते बेलापूरचा बुरूज

तुम्ही विचारलंय की कोपरखैरण्याहून रविवारी एकटं निघून अंधार पडायच्या आत घरी परतता येईल, अशी गर्दी नसलेली, जरा अंगावर काटा आणणारी ठिकाणं कुठली. आधी एक सांगतो. 'झपाटलेल्या जागां'च्या यादीतल्या बंद इमारती सोडून द्या. त्या कुणाच्या तरी मालकीच्या असतात, वॉचमन हाकलून देतो आणि आत धुळीशिवाय काही नसतं. ज्यांच्या भिंतींनी खरंच काही पाहिलंय अशा जागा आपल्याकडे आहेत आणि आपण रोज त्यांच्या समोरून जातो.

सकाळी आठच्या आत ठाणं गाठा. मध्यवर्ती कारागृह म्हणजे मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. आत जाता येत नाही. मोबाइल खिशातच ठेवा, फोटो काढू नका. फक्त बाहेरच्या रस्त्याने भिंत धरून सावकाश चाला.

१८१६ च्या सप्टेंबरात दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून इथूनच निसटले. खाली एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाणं म्हणायचा, त्या गाण्यातच पळायचा बेत गुंफलेला असायचा आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नसे, अशी गोष्ट सांगतात. याच भिंतीआड १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल फाशी दिलं. कान्हेरे अवघे अठरा वर्षांचे होते. हे माहीत झाल्यावर मी तिथे गेलो, तेव्हा शेजारून शाळेची रिक्षा गेली, मुलं आत दंगा करत होती. मला पुढे पाऊल टाकवेना. भुताच्या कुठल्याच गोष्टीने माझं असं कधी झालेलं नाही.

मग मिसळ खा आणि ठाण्याहून पनवेल लोकल पकडून बेलापूरला उतरा. तिथून रिक्षावाल्याला 'किल्ले गावठाण' सांगा.

बेलापूरचा किल्ला सिद्दींचा, पुढे पोर्तुगीजांचा. तो जिंकला तर अमृतेश्वराला बेलाच्या पानांचा हार वाहीन असं चिमाजी अप्पा बोलले होते, त्यावरून बेलापूर नाव पडलं असं म्हणतात. १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. आज फारसं उरलेलं नाही, आणि म्हणूनच जा. बुरुजाजवळ थांबा. झाडाची मुळं दगडांच्या सांध्यांतून खाली उतरलीत, काही माझ्या मनगटाएवढी जाड. एका ठिकाणी चिरा भिंतीतून सुटलाय, पण मुळाने त्याला धरून ठेवलंय. ज्या झाडाने भिंत फोडली, तेच आता तिला सावरून आहे. आणि तिथून जवळच महापालिकेच्या मुख्यालयाचा भला मोठा घुमट! इतक्या जवळ असून किल्ल्यात मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा दुसरं माणूस दिसलं नाही. इथून घारापुरीपर्यंत भुयार आहे असं जुनी माणसं सांगतात. शोधायला जाऊ नका, पण दुपारच्या शांततेत ते आठवलं की पायाखालची जमीन वेगळीच वाटते.

एकटे जाताय म्हणून कळकळीने सांगतो. पहिल्या खेपेला मी घरी न सांगता गेलो होतो. सुट्या दगडावर पाय मुरगळला आणि मोबाइलची बॅटरी संपलेली. रस्त्यापर्यंत यायला मला पाऊण तास लागला. तेव्हा घरी जागा आणि वेळ सांगून निघा, पॉवर बँक आणि पाणी घ्या, सँडल नको, बूट घाला. पावसाळ्यात नकोच, गवत माजतं आणि साप असतात. भिंतीवर चढू नका, तुमच्यासाठीही आणि भिंतीसाठीही.

डिसेंबर-जानेवारीत गेलात तर साडेपाचला बाहेर पडा. सहानंतर झाडीत पटकन काळोख होतो.